थंड हवेला वाट

उदबत्तीचा धूर दारावरच्या झरोक्यापर्यंत सरळ चढला, तिथं घुटमळला आणि छताला चिकटून परत माझ्याकडंच आला. मी स्टुलावर उभी होते. हात वर धरून धरून खांदा भरून आला होता.

“जात न्हाई,” खालून आप्पा म्हणाले.

“दिसतंय मला.”

“पंखा उलटा तर बसला न्हाई?”

“नाही आप्पा. वारा पलीकडंच फेकतोय तो. हात लावून बघितलाय मी.”

मी स्टुलावरून उडी मारली आणि आप्पांच्या खोलीत जाऊन आले. दोन तास पंखा चालू होता, तरी त्या खोलीतल्या बादलीत पाण्यावर बर्फाची साय तशीच होती. मी उदबत्ती चुरगळून बुखारीत टाकली.

डिसेंबर सत्त्याऐंशीची ही गोष्ट. सिमल्याच्या वर, सफरचंदांच्या बागांच्या मुलखात, एका सरकारी फळ संशोधन केंद्रावर दिनकरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली झाली होती. आम्ही मूळचे इस्लामपूरचे. सासूबाई त्याच वर्षी मेमध्ये गेल्या. आप्पा, माझे सासरे, घरी एकटे पडले, म्हणून त्यांनाही आम्ही वर घेऊन आलो होतो. भाड्याचं घर लाकडी होतं. एका ओळीत तीन खोल्या, मधे देवदारच्या फळ्यांच्या भिंती. मधल्या खोलीत बुखारी. पत्र्याची पेटी, पोटात लाकडं, आणि डोक्यावरून धुराचं नळकांडं छतातून बाहेर गेलेलं. नोव्हेंबरपासून ती एक खोली सोडली तर घरात कुठंही बसता येत नसे. स्वयंपाक तिथंच, जेवण तिथंच, झोपही तिथंच. आम्हा दोघांच्या आणि आप्पांच्या अंथरुणांमधे एक चादर बांधली होती.

सांगलीला मी एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची. हळद आणि बेदाणे वाळवायची यंत्रं बनायची तिथं. गरम हवा कुठून शिरेल, कुठून निघेल, हे कागदावर मांडणं माझं काम. ते सोडून आले आणि पहिला बर्फ पडल्यावर माझ्या लक्षात आलं की इथं माझ्या हाताला काहीच नाही. दिनकर सकाळी नऊला केंद्रावर जायचे. मग त्या खोलीत मी आणि आप्पा. ते बोलायचे नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा रडले नव्हते, तेराव्यालाही नाही. नातेवाइकांत त्यावरून कुजबुज झाली होती. भिंतीला टेकून बसायचे, बुखारीकडं बघायचे, दर दहा मिनिटांनी घसा खाकरायचे. मी चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. खिडकीपाशी जायचं, काचेवरची वाफ पुसायची, बाहेर पांढरं बघायचं, परत फिरायचं. एक लाकूड घातलं की त्यांची नजर लाकडावर, उठले की माझ्यावर.

मग मी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की आप्पांची खोली गरम व्हायला हवी. म्हातारं माणूस, किती दिवस असं मधल्या खोलीत अवघडून झोपणार? बुखारीची निम्मी ऊब छताखाली नुसती साचून राहते, ती पलीकडं नेली पाहिजे. दिनकरांनी सिमल्याहून एक छोटा एक्झॉस्ट पंखा आणून दिला. तो मी झरोक्यात बसवला होता, आणि तो हा असा हरला होता.

“एक सांगू?” आप्पा म्हणाले. ते आज सकाळपासून उभे होते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून काढलेली. हत्यारं बाहेर निघाली की त्यांना बसवत नसे.

“सांगा.”

“गरम हवा जाईल कुठं? ती खोली काय रिकामी हाय? थंड हवेनं गच्च भरलीया. एसटी भरलेली आसंल तर फुडनं किती बी ढकल, माणूस आत शिरतंय का? मागच्या दारानं आधी चार उतरवायला लागत्यात.”

कारखान्यात हेच मी रोज आखायची. आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट. इथं फक्त एक वाट करून मी दोन दिवस डोकं आपटत होते.

“म्हणजे पंखा खाली पाहिजे,” मी म्हटलं. “जमिनीलगत. तुमच्या खोलीतली थंड हवा ओढून इकडं बुखारीकडं टाकायची.”

“आन् वरनं गरम आपआप जाईल. ढकलायची गरजच न्हाई.”

मी करवत शोधायला धावले.

फळी कापायच्या आवाजानं खालच्या मजल्यावरून बिमलाजी वर आल्या. घर त्यांचं. कमरेवर हात ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

“दीवार काट रहे हो?”

“गरमियों में फिर लगा देंगे, बिमलाजी. फळी जपून ठेवलीय,” माझी हिंदी ही अशी होती.

त्या हसल्या. “सर्दियों में तो सब एक ही कमरे में रहते हैं, बहूजी. दूसरा कमरा गरम करके क्या करोगे?”

“आप्पाजी के लिए,” मी म्हटलं.

आप्पा करवतीचं दुसरं टोक धरून होते. त्यांनी मान वर केली नाही.

चारला आम्ही पंखा खाली बसवून चालू केला. मी नवीन उदबत्ती पेटवून झरोक्यापाशी धरली. धूर वर गेला, क्षणभर थांबला, आणि मग कुणीतरी पलीकडून दोरी ओढावी तसा सुळकन झरोक्यातून आप्पांच्या खोलीत गेला. मी ओरडलेच. आप्पा नुसते “हं” म्हणाले, पण त्यांनी तीनदा उदबत्ती माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बादलीत बर्फ नव्हता. त्याच संध्याकाळी आप्पांनी आपली ट्रंक उचलली, गादी उचलली आणि ते त्या खोलीत राहायला गेले.

त्या दिवशी मी मधल्या खोलीत एकटी उभी राहिले आणि मोठ्यानं, तोंड पूर्ण उघडून जांभई दिली. केवढं बरं वाटलं सांगता येत नाही.

आठवड्याभरात आमच्या झोपायच्या खोलीलाही मी तशाच दोन वाटा केल्या. तिथं पंख्याची गरज पडली नाही, दार जरा किलकिलं ठेवलं की भागायचं. खिडकीपाशी ड्रॉइंगचा फळा मांडला. सांगलीच्या मालकांना पत्र टाकलं, त्यांनी घरबसल्या करायला एक काम पाठवलं. आता सकाळी दिनकर गेले की मी माझ्या खोलीत, आप्पा त्यांच्या खोलीत. जेवायला आणि चहाला मधल्या खोलीत भेटायचं, बोलायचं काहीच नसल्यामुळं लवकर उठायचं. पंख्याची घरघर दिवसभर चालायची. तिला मी सरावले होते. जानेवारीत त्याच्या जाळीचा एक स्क्रू ढिला झाला आणि अधूनमधून टकटक व्हायला लागली. आवळायचा आवळायचा म्हणून मी पुढं ढकलत होते.

जानेवारीच्या शेवटी दोन दिवस सलग बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी उघडलं. दिनकर सकाळीच केंद्रावर गेले, कलमांच्या शेडवर बर्फाचं ओझं झालं असणार म्हणून. माझं ड्रॉइंग दुसऱ्या दिवशीच्या टपालानं जायला हवं होतं. दोनला मी आप्पांना चहा दिला. ते फुलपात्र घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मी फळ्याशी बसले.

तीनच्या सुमारास टकटक सुरू झाली. थांबायची, परत व्हायची. दोन, मग बराच वेळ नाही, मग तीन. मला हवा असलेला कोन काही केल्या जुळत नव्हता. पेन्सिल दोनदा मोडली. मी मनात म्हटलं, हे काम होऊ दे, मग संध्याकाळी जाळीच काढून टाकते. एकदा उठले, मधल्या खोलीत जाऊन बुखारीत लाकूड घातलं. टकटक चालूच होती. परत येऊन बसले.

चार वाजून गेल्यावर लाईट गेली. बर्फानंतर रोजच जायची. पंखा घरघरत हळू झाला, आणि थांबला.

टकटक थांबली नाही.

मी पेन्सिल धरून तशीच बसले होते. तीन ठोके. मग दोन. पत्र्याच्या जाळीचा हा आवाज नव्हता. भांड्याचा होता.

मी धावले. आप्पा खाटेच्या आणि भिंतीच्या मधे जमिनीवर पडले होते. उजवा हात अंगाखाली दुमडलेला. डाव्या हातात चहाचं फुलपात्र होतं आणि ते ते फळ्यांवर आपटत होते. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि हात आणखी दोनदा आपटला, जणू मी आलेय हे हाताला कळलंच नव्हतं.

“आप्पा! आप्पा, काय झालं?”

घशातून नुसता आवाज आला.

मी खिडकी उघडून बिमलाजींना हाका मारल्या. त्यांचे मिस्टर, दीर आणि शेजारचे दोघे आले. आप्पांना रजयांत गुंडाळून खाटेवर बांधलं. जीप जिथवर यायची तो रस्ता दीड मैल खाली होता आणि वाटेवर मांडीएवढा बर्फ. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. मी पुढं फावड्यानं बर्फ सारत होते, त्याचा उपयोग किती होता देव जाणे, पण मला थांबवत नव्हतं. अर्ध्या वाटेवर दिनकर समोरून धावत आले. कुणीतरी त्यांना केंद्रावर निरोप दिला होता.

“कधी? कधी झालं?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “लाईट गेली तेव्हा.”

खालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनीही विचारलं, कितने बजे. मी म्हटलं, साढ़े चार. त्यांनी ते कागदावर लिहिलं.

अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही तीन आठवडे त्या दवाखान्यात काढले. पुढं बऱ्याच वर्षांनी मी एका ओळखीच्या डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. ते म्हणाले, त्या काळात तासाभरानं काही फरक पडला नसता, तसे उपायच नव्हते. ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

आप्पांना घरी आणायच्या आदल्या दिवशी मी एकटी वर आले आणि पंखा उचकटला. खालच्या भोकावर जुनी फळी ठोकली, झरोकाही बंद केला. आप्पांची खाट मधल्या खोलीत बुखारीशेजारी आणली. माझा फळा उचलून खाटेमागं उभा केला, भिंतीकडं तोंड करून. त्यानंतर मी त्यांच्याजवळून हलले नाही. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, उजव्या हाताला तेल लावून बोटं उलगडणं. त्यांनी जरा हालचाल केली की मी उठून उभी. झोपेत असले तरी मी बघत बसायची. श्वास चालतोय ना, बघायची.

“तू होतीस म्हणून वाचले,” दिनकर एकदा म्हणाले. “माझी आईही एवढं करू शकली नसती.”

मी भाकरीचं पीठ मळत होते. मळतच राहिले.

मार्चमध्ये आप्पांना एक शब्द आला. डॉक्टर म्हणालेच होते, काही शब्द परत येतील. सकाळी मी तोंड पुसत होते, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “हवा.”

आनंदानं मी दिनकरांना हाक मारली. “आप्पा बोलले! हवा म्हणाले!”

“हवा पाहिजे? कोंदट होतंय का आप्पा?” दिनकरांनी लगेच खिडकी उघडली. गार झोत आत आला. आप्पांनी मान हलवली, नाही.

“हवा,” ते परत म्हणाले. “हवा. हवा.”

दुसरी खिडकी उघडली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग हे रोज सुरू झालं. दिवसातून दहादा हवा. आम्ही खिडकी उघडायचो, ते चिडायचे. बंद केली तरी चिडायचे. पुठ्ठ्यानं वारा घातला तर पुठ्ठा हिसकून टाकायचे. रात्रीचं धड झोपायचे नाहीत, जेवण निम्मं टाकायचे, सारखं दाराकडं बघायचे. मीही झोपत नव्हते. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत त्या खोलीत बसून असायचो आणि बुखारी जळत असायची. एका सकाळी पेजेची वाटी त्यांनी भिंतीवर फेकली तेव्हा दिनकरांचा तोल गेला.

“आप्पा, बाहेर बर्फ आहे! किती हवा पाहिजे तुम्हाला? ही बिचारी तुमच्यासाठी दिवसरात्र मरतेय, जरा तरी जाण ठेवा!”

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोवर मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. दिनकर न जेवता निघून गेले. मी भिंत पुसली.

एप्रिलच्या सुरुवातीला आप्पा भिंतीला धरून दोन-चार पावलं टाकायला लागले होते. एक दिवस मी खालच्या नळावरून पाणी घेऊन वर आले, तर खाट रिकामी. हंडा माझ्या हातातून निसटला तो थेट उंबऱ्यावर. आप्पांच्या जुन्या खोलीचं दार उघडं होतं.

ते जमिनीवर बसले होते, भिंतीशी. मी ठोकलेल्या फळीवर डावा पंजा टेकवून. मला वाटलं पुन्हा पडले.

“आप्पा! लागलं का? चला, इथं गारठा आहे.”

मी धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला. फळीवर पंजा आपटला. एकदा, दोनदा.

“पं...” ते म्हणाले. मान थरथरायला लागली. “पं...खा.”

“पंखा?”

“पंखा. हवा.”

मला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी त्यांच्यासमोर खाली बसले. महिनाभर हा माणूस मागत होता आणि महिनाभर आम्ही खिडक्या उघडत होतो.

“पंखा पाहिजे तुम्हाला? पण आप्पा, तिकडं बुखारीजवळ तर जास्त ऊब आहे. तिथं गरम वाटत नाही का?”

त्यांनी जोरात नाही म्हणून मान हलवली. मग कानाला हात लावला. आणि बोटं गोल गोल फिरवली.

“आवाज?”

“आवाज,” ते म्हणाले. “आवाज... हवा.”

“आवाज कशाला?”

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. ओठ हलायचे, काही निघायचं नाही. डोळ्यांत राग यायचा. मी वाट बघितली. खरंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यापाशी मधेमधे उठाबस न करता बसले होते.

“अनशी,” ते म्हणाले.

मला वाटलं चुकीचा शब्द आला. मग लक्षात आलं. सासूबाईंचं नाव अनसूया. ते मी लग्नपत्रिकेत वाचलं होतं, कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आप्पा त्यांना हाकच मारायचे नाहीत, नुसतं “ए” म्हणायचे.

“सासूबाई?”

त्यांनी छातीवर हात ठेवला. मग तोंडापाशी नेऊन बोटं उघडली, मिटली, उघडली.

“तुम्ही बोलत होता? त्यांच्याशी? इथं?”

मान हलली, होय. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. कानाकडं बोट नेलं, मग माझ्याकडं केलं, आणि मग तो हात आडवा हलवला. पंखा चालू असला की मला ऐकू जात नसे. म्हणून.

दोन महिने. त्या घरघरीच्या आड आप्पा या खोलीत बसून बायकोशी बोलत होते, रडतही असतील, आणि दोन भिंतींपलीकडं मी माझ्या फळ्यावर रेघा मारत होते. मी तो आवाज बंद केला, आणि त्यांना दिवसरात्र माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं.

मला तिथं राहवेना. उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि बसले.

“आप्पा, मला एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही फुलपात्र आपटत होता ते मला ऐकू येत होतं. तीनपासून. मला वाटलं पंख्याची जाळी वाजतेय.”

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

“एकदा मी मधल्या खोलीत आले होते. लाकूड घालायला. तुमचं दार चार पावलांवर होतं. आत येऊन स्क्रू आवळला असता तर दिसला असतात तुम्ही. पण आत आले असते तर तुमच्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं, म्हणून आले नाही. आणि ह्यांना मी सांगितलं, आत्ताच झालं म्हणून. डॉक्टरांनाही. आणि ही खोली, आप्पा... ही मी तुमच्यासाठी गरम केलीच नव्हती. मला तुम्ही मधल्या खोलीत नको होता. दिवसभर तुम्ही समोर बसलेले मला सहन होत नव्हतं. तुम्हाला बाहेर काढायचं होतं म्हणून मी हे सगळं केलं.”

बाहेर छपरावरचा बर्फ वितळून ठिबकत होता. आप्पांचा चेहरा अर्धाच हलायचा, त्यामुळं त्यावर काय चाललंय ते कळायचं नाही.

“म्हाईत,” ते म्हणाले.

“माहीत होतं? मग फळी कापायला मदत का केलीत?”

त्यांचा डावा गाल हळूहळू वर गेला. शब्द यायला वेळ लागला, पण आला तेव्हा स्पष्ट आला.

“मला बी,” आप्पा म्हणाले, आणि डाव्या हाताचं बोट माझ्याकडं केलं. मग स्वतःकडं. मग परत माझ्याकडं. “मला बी... तू...” आणि हात झटकला. म्हणजे, नको झाली हुतीस.

मी हसले की रडले मला आठवत नाही. दोन्ही झालं असावं. आप्पा खांद्यानं हलत होते. त्यांच्या घशातून घरघर येत होती आणि ते हसणं आहे हे मला आधी कळलंच नाही.

मग त्यांनी फळीवर पंजा ठेवला.

“बसव,” ते म्हणाले.

संध्याकाळी दिनकर आल्यावर मी त्यांना टकटकीचं सांगितलं. तीन वाजल्यापासूनचं, लाकडाचं, चार पावलांचं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आत्ताच, म्हणालीस तू मला.” मी होय म्हटलं. ते स्वेटर न घालता बाहेर गेले, घराभोवती चिखलातून फेऱ्या मारत राहिले, मला खिडकीतून दिसत होते. आत आले तेव्हा म्हणाले, “पंखा कुठं ठेवलायस?” त्यापलीकडं ते महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग हळूहळू बोलायला लागले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि तो मिटला असं मी कधी धरून चालले नाही. अनसूयाबाईंचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दिनकरांनी फळी उचकटली, झरोका उघडला, मी पंखा धरला. जाळीचे चारही स्क्रू मी पुन्हा पुन्हा आवळले. खाट परत त्या खोलीत नेली, आणि आप्पांच्या डाव्या हाताला येईल अशी एक दोरी बांधली. ती मधल्या खोलीतून, माझ्या खोलीत परत मांडलेल्या फळ्यापर्यंत ओढून तिच्या टोकाला बिमलाजींच्या गाईच्या गळ्यातली घंटा लावली. लाईटवर चालणारी घंटा मला नको होती. आप्पांनी दोरी ओढून बघितली. मग उगाचच आणखी दोनदा ओढली. पुढची चार वर्षं, ते गेले तोवर, घंटा वाजली की मी हातातलं टाकून जात असे. बहुतेक वेळा त्यांना चहा हवा असायचा.

दिनकरांनी बटण दाबलं. पंखा घरघरत फिरायला लागला. आप्पांनी उशीला डोकं टेकून डोळे मिटले.

“आता बरं वाटेल, आप्पा,” दिनकर खाटेवर वाकून म्हणाले. “थोड्या वेळात खोली गरम होईल. गरम वाटायला लागलं की सांगा हं.”

आप्पांनी डोळे उघडले. दिनकरांकडं बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं. डावा हात उचलून त्यांनी दाराकडं केला.

“जा,” ते म्हणाले. “दोघं बी.”

दिनकर मागं वळून वळून बघत निघाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर घेतलं, आणि दार पूर्ण लागेपर्यंत ओढलं.